दाराशी आलेला आणि बाकावर बसलेला

॥ श्रीराम समर्थ ॥



आजचा नित्यपाठ : वाल्मीकि रामायण, युद्धकांड, सर्ग १७, १८ आणि १९. विभीषण शरण येतो तो भाग. दरवर्षी पारायणात हा भाग येतो आणि दरवर्षी मी तो भराभर वाचून पुढे जातो, कारण आपल्याला शेवट ठाऊक असतो. विभीषण चांगला, रामराया कृपाळू, विषय संपला. यंदा मात्र या तीन सर्गांवर चार दिवस अडकून बसलोय. कारण सांगतो, पण ते जरा लांबून सांगावं लागेल. सांभाळून घ्या.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की आम्ही दोघं सध्या मुलाकडे आहोत, अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट गावी. गाव म्हणजे काय, पर्ड्यू विद्यापीठ आणि त्याच्या भोवती घरं. आपली मराठी मुलं इथे इंजिनिअरिंग शिकायला येतात, त्यामुळे वाणसामानाच्या दुकानात पोह्यांच्या पुड्यापाशी मराठी कानावर पडतं. आणि या राज्यात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट. थंडी सुरू झाली की घराघरांतून तोच विषय. माझा नातूही त्याच वेडाचा. सातवीत होता तेव्हापासून पर्ड्यूचा भक्त, आता दहावीत आहे आणि स्वतः शाळेच्या संघात खेळतो.

२०२३ च्या वसंतातही मी इथे होतो. त्या मार्चमध्ये पर्ड्यूचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या क्रमांकाचा मानांकित म्हणून उतरला, आणि पहिल्याच सामन्यात फेअरली डिकिन्सन नावाच्या सोळाव्या मानांकित छोट्या कॉलेजकडून ६३-५८ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच घडलं होतं, २०१८ मध्ये. या घरात त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. पर्ड्यूकडे ७ फूट ४ इंच उंचीचा झॅक ईडी होता, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचवायचा कोणी? दोन्ही मुख्य गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाची पोरं. त्या सामन्यात तीन गुणांच्या २६ फेकी झाल्या, त्यांतल्या ५ आत गेल्या.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : गार्ड म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारा, डाव रचणारा, लांबून फेकणारा. पाचांपैकी साधारण दोघं हे काम करतात.

मग घरात वाद सुरू झाला. बाहेरच्या कॉलेजातून एक अनुभवी गार्ड आणावा की नाही?

मुलाचं म्हणणं, आणावाच. "बाबा, ही दोन पोरं दमली होती. तिसरा खांदा हवा." नातू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. त्याचे डोळे भरून आलेले. "पण तो आपला नाही ना! जे इथे पहिल्यापासून आहेत त्यांचं काय?" शेजारचे एक अमेरिकन आजोबा, गेली कित्येक वर्षं न चुकता सामन्यांना जाणारे, ते नातवाच्या बाजूचे. त्यांचं मत असं की आमचे कोच मॅट पेंटर पोरांना शाळेतून उचलून आणतात आणि चार वर्षं घडवतात, हीच आमची ओळख. तयार माल विकत घ्यायचा तर मग आमच्यात आणि इतरांत फरक काय राहिला?

मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. खेळाची गोष्ट, आपल्याला काय करायचंय? पण बघा, विषय खेळाचा नव्हताच. विषय हा होता की दाराशी नवा माणूस आला तर घरातल्यांचं काय देणं लागतो आपण, आणि येणाऱ्याचं काय?

आधी इथली रीत समजून घेऊ. पूर्वी एखाद्या खेळाडूला कॉलेज बदलायचं तर आधी स्वतःच्या कॉलेजची परवानगी लागे. ती नसेल तर दुसरा कोच त्याच्याशी बोलू शकत नसे. शिवाय बास्केटबॉलमध्ये नव्या ठिकाणी गेल्यावर एक वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. खेळाडूने सांगितलं की कॉलेजने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव त्या यादीत टाकायचं, मग कोणीही त्याच्याशी बोलावं. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदल करणाऱ्याला वर्षभर बसण्याची अट गेली. २०२४ पासून अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा बदला. आणि पैसा? जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जुलै २०२५ पासून तर कॉलेजंच खेळाडूंना वाटा देऊ शकतात, एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

हे ऐकून आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "म्हणजे निष्ठा वगैरे काही उरलीच नाही!" माझ्याही तोंडून निघालं. त्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, कोचला कधी वर्षभर बसवलं होतं का हो?" मी गप्प. खरंच की. कोच आज या कॉलेजात, उद्या जास्त पगारावर त्या कॉलेजात, आणि पहिल्या दिवसापासून कामाला. ज्या पोरांना त्याने शब्द देऊन आणलं ती मागे. निष्ठा मागायची ती फक्त अठरा-वीस वर्षांच्या पोराकडून, ही कुठली रीत? एकाच बाजूने मागितलेली निष्ठा ही निष्ठा नसते, ती वेठ असते. तेव्हा "सोडून आला म्हणजे वाईट" हा निकाल इतका सोपा नाही.

आता समुद्रकिनाऱ्यावर येऊ.

वानरसेना समुद्राच्या उत्तर तीरावर उतरली आहे. पलीकडून आकाशमार्गाने विभीषण येतो, बरोबर चार साथीदार. खाली उतरत नाही. वरूनच सांगतो की मी रावणाचा धाकटा भाऊ, सीतामाईंना परत द्या असं समजावलं, त्याने अपमान केला, सगळं सोडून आलोय. सुग्रीवाचं पहिलं मत, हा शत्रूचा माणूस, याला धरा, मारा. आणि मग रामराया काय करतात? लगेच निर्णय देत नाहीत. सगळ्यांना विचारतात. हे मी इतकी वर्षं वाचलं पण माझ्या लक्षात आलं नव्हतं, की इथे चक्क बैठक भरली आहे!

अंगद म्हणतो, पारखून घ्या, गुण जास्त दिसले तर ठेवा, दोष दिसले तर सोडा. शरभ म्हणतो, हेर लावा मागे. जांबवंत अनुभवी, ते म्हणतात, नको त्या वेळी, नको त्या ठिकाणाहून आलाय, संशय घ्यावा. मैंद म्हणतो, गोड बोलून हळूहळू प्रश्न विचारा. वाचता वाचता मला हसूच आलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर २०२३ मध्ये हेच तर चाललं होतं! याचे आकडे तपासा. जुन्या कोचला विचारा. हा आत्ताच का निघाला? बोलून बघा.

मग हनुमंत बोलतात. त्यांचं बोलणं मला या सगळ्या प्रकरणाचं हृदय वाटतं. ते म्हणतात, पारख कामाशिवाय होत नाही, आणि नुकत्याच आलेल्याला एकदम काम सोपवणंही बरोबर नाही. जो समोर उभा राहून आपलं नाव सांगतोय त्याच्यावर हेर कशाला? वेळ चुकीची म्हणता, पण रावणाचा दोष आणि रामाचा पराक्रम दोन्ही बघून निघाला, तर याहून योग्य वेळ कोणती? आणि खोदून खोदून प्रश्न विचाराल तर खऱ्या मनाने आलेला मित्रही आतून दुखावेल. बोलण्यात खोट दिसत नाही, चेहरा शांत आहे.

आणि शेवटी एक गोष्ट सांगतात, ती आपले कीर्तनकार सहसा गाळतात. हनुमंत म्हणतात, वाली मारला गेला आणि सुग्रीवाला राज्य मिळालं, हे याने ऐकलेलं आहे. यालाही राज्याची इच्छा असणार. म्हणून समजून उमजून आलाय. घ्यावं त्याला.

लक्षात आलं का? विभीषणाचा हेतू शंभर टक्के निर्मळ आहे, असं हनुमंत म्हणतच नाहीत. धर्माची चाड आहे, आणि राज्याची आशाही आहे. दोन्ही एका पोटात. आणि तरीही घ्या म्हणतात. आपण मात्र येणाऱ्याचा हेतू धुतल्या तांदळासारखा असावा असा हट्ट धरतो. "तो खेळायला मिळावं म्हणून येतोय", "तो पैशासाठी येतोय". अहो, मग आपण नोकऱ्या कशासाठी बदलल्या? माझा मुलगा सातासमुद्रापार आला तो काय फक्त ज्ञानासाठी? मिश्र हेतू हा माणसाचा नेहमीचाच हेतू. तो आहे म्हणून दार लावायचं ठरवलं तर दाराच्या आत आपणही राहणार नाही.

सुग्रीव मात्र ऐकत नाही. त्याचा मुद्दा बिनतोड आहे : जो संकटात सख्ख्या भावाला सोडून आला, तो उद्या आपल्याला सोडणार नाही कशावरून? हे ऐकून रामराया किंचित हसतात, असं वाल्मीकि सांगतात. ते हसू कशाचं, ते मुनींनी उलगडलेलं नाही. मला वाटतं, बोलणारा कोण होता ते बघून हसले असावेत. भावाविरुद्ध मदत मागायला रामाकडे आलेला पहिला माणूस सुग्रीवच ना! जो काल स्वतः दाराशी उभा होता, तोच आज दार अडवून उभा. (इथे आपण सगळ्यांनी एकदा आरशात बघून घ्यायला हरकत नाही.) पण रामराया ते बोलून दाखवत नाहीत, मित्राला चारचौघांत उघडं पाडत नाहीत. उलट सगळेच भाऊ भरतासारखे नसतात, असं काहीसं सांगून सुग्रीवाच्याच मैत्रीचा गौरव करतात. मग कपोताची गोष्ट सांगतात, ज्याने आपल्या जोडीदारणीला धरणाऱ्या पारध्यालाही, तो आश्रयाला आला म्हणून, स्वतःचं मांस दिलं. आणि मग तो शब्द देतात : एकदा जरी कोणी 'मी तुझा' म्हणून आला तर त्याला अभय, हे माझं व्रत. विभीषण असो, प्रत्यक्ष रावण असो, घेऊन या त्याला.

इथपर्यंत वाचून मी नातवाला विजयी मुद्रेने सांगणार होतो की बघ, रामायणाचा निकाल लागला, आलेल्याला घ्यावं. पण मंडळी, तसं सांगणं अप्रामाणिक झालं असतं. कारण एक मोठा फरक आहे.

विभीषणाला घेतल्याने एकाही वानराची जागा गेली नाही. एकोणिसाव्या सर्गात लक्ष्मण समुद्राचं पाणी आणतात आणि विभीषणाला अभिषेक होतो, पण तो लंकेच्या राज्याचा. किष्किंधेचा राजा सुग्रीवच, युवराज अंगदच. कोणाच्या ताटातलं काढून विभीषणाला वाढलेलं नाही.

बास्केटबॉलमध्ये तसं नाही. हा साधा हिशेब आहे. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे एकूण २०० मिनिटं. त्यातली दोन गार्डांची ८०. ही ८० ची ८१ होत नाहीत, कोच कितीही दयाळू असला तरी. नवा गार्ड ३० मिनिटं खेळणार असेल तर ती ३० मिनिटं कोणाच्या तरी वाट्यातून जाणार. अभय अमर्याद वाटता येतं, मिनिटं नाही. म्हणून "आलेल्याला घ्या" एवढं म्हणून धर्म पूर्ण होत नाही. ज्याचं कमी होणार त्याचं काय, हा दुसरा प्रश्न तसाच उभा राहतो. आणि नातू २०२३ मध्ये रडत रडत नेमका तोच विचारत होता. आम्ही मोठी माणसं त्याला भाबडा म्हणत होतो.

पुढे काय झालं ते सांगतो. पर्ड्यूने सदर्न इलिनॉय विद्यापीठातून लान्स जोन्स नावाचा गार्ड घेतला. चार वर्षं तिथे खेळलेला, करोनामुळे सगळ्यांना मिळालेलं एक जादा वर्ष त्याच्या हातात होतं. (गंमत बघा, कोच पेंटर स्वतः २००३-०४ मध्ये त्याच सदर्न इलिनॉयचे मुख्य कोच होते, आणि एका वर्षात तिथून पर्ड्यूला परतले होते. रामरायांचं ते हसू पुन्हा आठवलं.) जोन्स आल्याआल्या सुरुवातीच्या पाचात खेळला, आणि २०२४ मध्ये पर्ड्यूचा संघ १९६९ नंतर पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. तिथे कनेक्टिकटकडून ७५-६० असा हरला. त्या कनेक्टिकटचे दोन्ही मोठे गार्ड, ट्रिस्टन न्यूटन आणि कॅम स्पेन्सर, तेही दुसऱ्या कॉलेजांतून आलेले! पुढच्या वर्षी फ्लोरिडा ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवून जिंकली, तिचा सर्वोत्तम खेळाडू वॉल्टर क्लेटन हाही आयोना कॉलेजातून आलेला.

मुलगा म्हणतो, "झालं की सिद्ध!" मी म्हणतो, नाही झालं. फळ चांगलं मिळालं म्हणून कर्म बरोबर ठरत नाही, आणि वाईट मिळालं म्हणून चूक ठरत नाही, एवढं तरी गीता वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. जोन्स पहिल्या आठवड्यात गुडघा धरून बसला असता तर त्याला घेणं पाप ठरलं असतं का? निर्णयाचा न्याय निर्णयाच्या वेळी करायचा, निकालाच्या पाटीवर नाही.

आणि एक नाव त्या यशाच्या गोष्टीत येत नाही. ईथन मॉर्टन. आधीच्या हंगामात अनेक सामन्यांत सुरुवातीच्या पाचात असलेला हा मुलगा, नवा गार्ड आल्यावर बाकावर गेला. पोर्टल उघडं होतं, पण त्या वर्षी तो गेला नाही. शेवटपर्यंत संघाबरोबर राहिला, आणि हंगाम संपल्यावर उरलेल्या एका वर्षासाठी दुसऱ्या कॉलेजात गेला. त्याच्या मनात काय होतं हे मला कसं कळणार? पण अंतिम सामन्याची आठवण काढताना मला हल्ली ईडीच्या आधी तो बाक आठवतो.

आता माझी गोष्ट. चार दिवस अडकलो ते खरं तर इथे.

मी एका तालुक्याच्या गावी मराठीचा शिक्षक होतो हे तुम्हाला माहीत आहे. एका वर्षी दुसऱ्या शाळेच्या तुकड्या बंद झाल्या आणि तिथले एक शिक्षक अतिरिक्त ठरून आमच्याकडे आले. त्यांचाही विषय मराठी, आणि सेवा माझ्यापेक्षा जास्त. आमच्या शिक्षकखोलीत कुजबुज सुरू झाली, उद्या आपलीही तुकडी गेली तर बाहेर कोण जाणार? जूनच्या पहिल्या आठवड्यात फलकावर वेळापत्रक लागलं. माझा दहावीचा वर्ग त्यांच्या नावावर. मला कोणी बोलावून सांगितलं नव्हतं. फलकावर वाचलं.

मंडळी, मी त्या गृहस्थांशी भांडलो नाही. मी त्याहून वाईट केलं. मी काहीच केलं नाही. मधल्या सुट्टीत आमचा डब्यांचा घोळका होता, त्यात त्यांना कोणी बोलावलं नाही, मी तर नाहीच. दहावीचा वर्ग कसा आहे, कोणतं पोर कशात कच्चं आहे, हे सांगणं माझं काम होतं. त्यांनी एकदा विचारलं, मी म्हणालो, "बघा तुम्हीच." ते दोन वर्षं व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकटे डबा खात होते. मग त्यांच्या जुन्या शाळेत जागा निघाली आणि ते परत गेले. जाताना माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या वर्गाला मी काही कमी शिकवलं नाही ना?"

मुलांना ते आवडत होते. मला माहीत होतं, मुलं मला येऊन सांगत. मी ते त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही "छे छे" एवढंच म्हणालो.

आज विचार करतो तेव्हा दिसतं की माझा राग खोटा नव्हता. मला आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं गेलं नाही. राग बरोबर होता, पत्ता चुकला. ज्यांनी सांगायचं होतं त्यांच्या दालनात जायचं धाडस मला झालं नाही, आणि सगळं वसूल केलं त्या बिचाऱ्याकडून, जो स्वतःच घर सुटलेला होता. आपल्या मराठीत 'बदली' हा शब्द किती विचित्र आहे बघा. दुसरीकडून आलेल्याची 'बदली' झालेली असते, आणि दुसऱ्याच्या जागी उभा राहतो तोही 'बदली'. पहिल्या अर्थाने आलेल्या माणसाला आम्ही दुसऱ्या अर्थाची शिक्षा दिली.

म्हणून आता रामरायांची ती बैठक मला वेगळी दिसते. त्यांनी विभीषणाला अभय दिलं हे तर थोरच. पण त्याआधी सुग्रीवाला पूर्ण बोलू दिलं. एकदा नाही, दोनदा. त्याचा मुद्दा न पटूनही त्याचा मान ठेवला, आणि निर्णय झाल्यावर "घेऊन या त्याला" हे सुग्रीवालाच सांगितलं. ज्याचा विरोध होता त्यालाच स्वागताला पाठवलं! मला वाटतं आधीपासून असलेल्यांचं आपण एवढं देणं लागतो. त्यांची जागा कायम राहील असा शब्द नाही, तो कोणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. पण त्यांना विचारणं, तोंडावर खरं सांगणं, फलकावर वाचायला न लावणं. हे दिलं तर नवा माणूस घेणं अन्याय नाही. हे न देता घेतला, तर तो कितीही गुणी असो, आपण दोघांवर अन्याय केला : जुन्यावर आपण स्वतः, आणि नव्यावर जुन्याच्या हातून.

मुलाला हे पूर्ण पटलेलं नाही. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही मास्तर आहात. हा आता धंदा आहे, इथे कोण कोणाला विचारत बसतं?" असेल. पण धंद्यातही माणसंच असतात, आणि माणसाला न सांगता त्याच्या ताटातलं काढलं तर ते त्याला लागतंच. आमचा वाद तिथेच थांबलाय.

आता हे सगळं आत्ताच का निघालं? कारण या नोव्हेंबरात नातवाच्या शाळेत एक नवा मुलगा आलाय, दुसऱ्या गावाहून. गार्डच. पहिल्या दोन्ही सामन्यांत सुरुवातीला तो खेळला, आमचं पोर बाकावर. परवा रात्री सगळे झोपल्यावर नातू माझ्या खोलीत आला. मी जपाची माळ ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, मी प्रॅक्टिसला त्याला पास देत नाही. तो मोकळा असला तरी. कोणाला कळत नाही, पण मला कळतं."

मी त्याला रामायण सांगितलं नाही. व्हरांड्यातला बाक सांगितला. घरात आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं, सौ. ला देखील नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मग मी काय करू?"

म्हटलं, "दोन कामं कर. कोचकडे जा आणि सरळ विचार, माझी जागा का गेली, आणि ती परत मिळवायला मी काय करू. रागाचा पत्ता तो आहे. आणि त्या पोराला पास दे."

"आणि कोचने नीट उत्तर दिलं नाही तर?"

"तरी पास दे. ती दोन वेगळी खाती आहेत, बाळा."

काल तो कोचना भेटला. कोच म्हणाले, तुझा डावा हात कच्चा आहे, आणि हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. जागा परत दिली नाही. संध्याकाळी गॅरेजसमोर, कडाक्याच्या थंडीत, डाव्या हाताने चेंडू आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. पास दिला की नाही ते मी विचारलेलं नाही. ते त्याचं आणि त्याच्या रामाचं.

मी मात्र आज सकाळी पाठ झाल्यावर एक पत्र लिहायला घेतलंय. ते गृहस्थ आता पुष्कळ वृद्ध असतील. एका जुन्या सहकाऱ्याकडून पत्ता मिळाला आहे. पत्रात फार काही नाही. दहावीची मुलं तुमच्याबद्दल काय म्हणत होती, एवढंच लिहायचं आहे. तीस वर्षांपूर्वी द्यायचा पास होता तो.

आजचा संकल्प : आपल्या घरात, कार्यालयात, भजनी मंडळात नुकतं कोण आलंय ते आठवा. आणि त्याच्या येण्याने कोणाची जागा सरकली तेही आठवा. आज दोघांशीही एकेक वाक्य बोला. आधी कोणाशी, ते तुमचं तुम्ही ठरवा.

उद्याचा पाठ सर्ग २० पासून.

॥ श्रीराम समर्थ ॥